संघ थांबला, गाड्या ट्रॅकवरच आहेत

जालन्याजवळच्या एका गावातला, मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला असलेला एक विद्यार्थी विचारतो: "सर, पोर्शेने २०२५ च्या हंगामानंतर वर्ल्ड एन्ड्युरन्स चॅम्पियनशिप या लांब पल्ल्याच्या जागतिक मालिकेतली, हायपरकार या सगळ्यांत वरच्या वर्गातली स्वतःची फॅक्टरी टीम बंद केली. कंपनीचं रेसिंग उतरणीला लागलं का? नुसत्या कस्टमर रेसिंगवर, म्हणजे खासगी टीमना गाड्या विकून, ती किती दिवस तग धरेल? मी कॉलेजच्या सुप्रा (विद्यार्थ्यांनी रेस गाडी बांधायची स्पर्धा) टीममध्ये वायरिंग बघतो आणि पुढे याच क्षेत्रात जायचं आहे. बाबा मोसंबीच्या बागेवर कर्ज काढून मला परदेशात एम.एस.ला पाठवायला तयार आहेत. पण घरात सगळे म्हणतात, जी कंपनी स्वतःच निघून गेली तिच्या मागे तू कशाला जातोस?"

लेकरा, तुझ्या प्रश्नाच्या शेवटच्या भागात बाग आहे, म्हणून तो शेवटी निवांत घेतो. आधी मी कुठल्या बाजूने बोलतोय ते समजून घे. मी संभाजीनगरच्या इंडो-जर्मन टूल रूममध्ये मोजमाप शिकलो, वाळूजला काही वर्षं फिक्श्चर केले, मग कोइमतूर आणि चेन्नईच्या ट्रॅकवर वन-मेक, म्हणजे सगळ्यांना एकच गाडी असलेल्या, मालिकांच्या गाड्या सांभाळल्या. त्यानंतर दहा-बारा वर्षं आशियातल्या जीटी, म्हणजे रस्त्यावरच्या स्पोर्ट्स गाड्यांवर बेतलेल्या रेस गाड्यांच्या, मालिकांमध्ये खासगी टीमबरोबर गेली, आधी मेकॅनिक, मग कार चीफ, मग इंजिनिअर म्हणून. पोर्शेच्या आणि आणखी दोन कंपन्यांच्या गाड्या हाताखालून गेल्या. कुठल्याही गाडी-कंपनीचा पगार मी कधी घेतला नाही. माझं मत हे गाडी विकत घेणाऱ्याच्या गॅरेजमधून बनलेलं आहे.

आता बातमी. ७ ऑक्टोबर २०२५ ला कंपनीने जाहीर केलं की हंगाम संपला की हायपरकारमधली फॅक्टरी टीम थांबेल; अमेरिकेतल्या इम्सा मालिकेत पेन्स्के टीमबरोबरची ९६३ (हायपरकारमध्ये पळवली तीच गाडी) चालू राहील आणि इलेक्ट्रिक गाड्यांची फॉर्म्युला ई सुद्धा. कारण पैशाचं आहे. चीनमध्ये २०२१ साली पोर्शेने ९५ हजारांवर गाड्या दिल्या होत्या, २०२४ मध्ये तोच आकडा ५७ हजारांच्या आत आला. इलेक्ट्रिक गाड्यांवर लावलेला मोठा डाव पुढे ढकलावा लागला, त्याचा भारही ताळेबंदावर आला. ज्या घरात लागोपाठ दोन हंगाम हातचे गेले, त्या घरचा लग्नाचा मांडव लहान होतो. नांगर कुणी विकत नाही.

फॅक्टरी टीम हा मांडव आहे आणि कस्टमर विभाग हा नांगर. माझं सगळं उत्तर या एका फरकावर उभं आहे.

तू जालन्याचा, त्यामुळे तुला हे बियाण्यावरून लगेच कळेल. बियाण्याची कंपनी रस्त्याकडेला डेमो प्लॉट लावते. तिथे खत वेळेवर, पाणी वेळेवर, कंपनीचा माणूस रोज फेरी मारणार. शेतदिनाला लोक येतात, कणसं हातात घेऊन बघतात, जेवून जातात. पण पिशवी कुणी कधी घेतो? शेजारच्या शिवारात, हलक्या रानात, एक पाणी चुकलेलं असताना तेच बियाणं उभं राहिलेलं दिसतं तेव्हा. फॅक्टरी टीम हा डेमो प्लॉट. कस्टमर रेसिंग म्हणजे कंपनीने गाडी, सुटे भाग आणि सल्ला विकायचा आणि घेणाऱ्याने स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या माणसांनी, स्वतःच्या जोखमीवर ती पळवायची. डेमो प्लॉट एक वर्ष लागला नाही तर कंपनी बुडत नाही. गावोगाव उगवण झाली नाही तर बुडते.

पोर्शेच्या बाबतीत हे नव्याने घडतंय असंही नाही. १९८२ साली ग्रुप सी या तेव्हाच्या वरच्या वर्गाच्या नियमांसाठी त्यांनी ९५६ ही रेस गाडी बनवली आणि त्या वर्षी ले मान्स या फ्रान्समधल्या २४ तासांच्या शर्यतीत पहिल्या तिन्ही जागा घेतल्या. १९८३ पासून ती खासगी टीमना विकली. त्या वर्षी ले मान्सच्या पहिल्या दहांत नऊ ९५६ होत्या. १९८४ ला इंधनाच्या नियमांवरून वाद झाला आणि फॅक्टरी टीम ले मान्सला आलीच नाही. जिंकली कोण? राइनहोल्ड योस्ट यांच्या खासगी टीमची ९५६, चासी (गाडीचा सांगाडा) क्रमांक ११७, चालवायला आंरी पेस्कारोलो आणि क्लाउस लुडविग. पुढच्या वर्षी फॅक्टरी नवी ९६२ सी घेऊन परतली. आणि योस्टची तीच ११७ पुन्हा जिंकली. दुसऱ्या क्रमांकावरही खासगी टीमची ९५६ होती. फॅक्टरीची सगळ्यांत चांगली गाडी तिसरी आली.

हे नशिबाने झालं नव्हतं. ग्रुप सीमध्ये शर्यतीसाठी इंधन मोजून मिळायचं. तेवढ्याच इंधनात जास्त वेगाने जायचं कसं, हा खरा प्रश्न होता आणि योस्टच्या माणसांनी तो फॅक्टरीपेक्षा चांगला सोडवला. मी हे तरुण मेकॅनिकना मुद्दाम सांगतो, कारण त्यांना वाटतं की गाडी ज्याने बनवली त्यालाच ती सगळ्यांत जास्त कळते. बनवणाऱ्याला ती कागदावर कळते. जो तीच गाडी तीन हंगाम उघडतो, बांधतो, पळवतो, तापलेली बघतो, त्याला ती वेगळ्या तऱ्हेने कळते.

पुढचा किस्सा तर याहून बोलका. डब्ल्यूएससी-९५ नावाची एक उघडी प्रोटोटाइप, म्हणजे फक्त शर्यतीसाठी बनवलेली गाडी, पोर्शेने १९९५ मध्ये तयार करून घेतली आणि अमेरिकेतले नियम बदलल्यावर बाजूला ठेवून दिली. योस्ट यांनी ती मागून घेतली. १९९६ च्या ले मान्सला फॅक्टरीच्या ९११ जीटी१ दुसऱ्या आणि तिसऱ्या आल्या, पहिली आली ती ही बाजूला ठेवलेली गाडी. १९९७ ला फॅक्टरीच्या गाड्या शेवटपर्यंत टिकल्या नाहीत आणि तीच चासी पुन्हा जिंकली. टॉम क्रिस्टेन्सनचा ले मान्समधला पहिला विजय तो. पोर्शेच्या नावावर तिथे एकूण १९ विजय आहेत. त्यांतले किमान पाच, १९७९ चा क्रेमर टीमचा आणि योस्टचे हे चार, निखळ खासगी टीमचे. त्या पाचही वेळा जाहिरात कंपनीची झाली आणि पेट्रोलचं बिल दुसऱ्याने भरलं.

फॅक्टरी टीम येणं-जाणं हा या घराचा जुना रिवाज आहे. १९९८ ला जिंकले आणि थांबले. २०१५, २०१६, २०१७ अशी सलग तीन वर्षं ९१९ हायब्रिडने जिंकले आणि २०१७ च्या शेवटी पुन्हा थांबले. मधल्या काळात खासगी माणसांना कप गाड्या विकणं बंद पडलं नाही.

तरी या वेळची एक गोष्ट मला मनापासून लागते, ती सांगितली पाहिजे. २०२५ च्या ले मान्सला ९६३ दुसरी आली, सुमारे १४ सेकंदांनी. २४ तासांत १४ सेकंद! आणि जिच्यामागे ती राहिली ती पिवळी ८३ क्रमांकाची फेरारी ४९९पी ही सुद्धा फॅक्टरीची लाल गाडी नव्हती. एएफ कोर्सेने खासगी म्हणून उतरवलेली होती, कुबित्सा, ये यिफेई आणि हॅन्सन यांनी चालवलेली. विसाव्या विजयाच्या इतक्या जवळ येऊन टीम मिटली. त्या गॅरेजमधल्या माणसांसाठी मला वाईट वाटतं.

खरं नुकसान आणखी एक झालं आहे. ९६३ ही पोर्शेने पहिल्यापासून खासगी टीमनाही विकायला काढलेली गाडी होती. चासी मल्टिमॅटिक या बाहेरच्या कंपनीची, हायब्रिडचे भाग सगळ्या एलएमडीएच (९६३ च्या प्रकारच्या) गाड्यांना सारखे, त्यामुळे ९१९ सारखा खर्च नाही. जोटा या खासगी टीमने २०२४ मध्ये बेल्जियममधली स्पाची शर्यत ९६३ घेऊन जिंकली, फॅक्टरीच्या सगळ्या टीमना मागे टाकून. पण २०२५ पासून नियम आला, हायपरकारमध्ये प्रत्येक कंपनीच्या किमान दोन गाड्या हव्यात. कंपनी उठली की एकट्या गाडीच्या खासगी टीमला पंगतीत जागाच उरत नाही. जागतिक मालिकेच्या सगळ्यांत वरच्या वर्गात पोर्शेच्या गिऱ्हाइकासाठी दार सध्या बंद झालं आहे, आणि ते बंद होण्यात नियमाचाही वाटा आहे. घरच्यांचं म्हणणं इथपर्यंत बरोबर आहे.

आता खालच्या पायऱ्या बघ, कारण जेवण तिथे शिजतं.

९११ कप ही गाडी घे. १९९० मध्ये जर्मनीत करेरा कप सुरू झाला, १९९३ पासून फॉर्म्युला वनच्या शनिवार-रविवारी सुपरकप, २००३ पासून आशियातला करेरा कप. सगळ्यांना एकच गाडी, एकच टायर, कुणाला इंजिन उघडायची परवानगी नाही. ही गाडी त्सुफेनहाउसेनच्या कारखान्यातल्या त्याच लाइनवर बनते जिथे रस्त्यावरची ९११ बनते. शेंद्र्याला किंवा वाळूजला लाइनवर काम केलेल्या कुणालाही विचार याचा अर्थ काय. जिग तेच, टॉर्क तोच, तपासणी तीच. टूल रूममध्ये मायक्रोमीटर धरायला शिकलेल्या माणसाला दोन कप गाड्यांचे सस्पेन्शनचे पिकअप पॉइंट मोजताना जे समाधान मिळतं, ते मी दुसऱ्या कुठल्याही रेस गाडीत अनुभवलं नाही. आकडे जुळतात. हाताने जुळवलेल्या रेस गाड्यांमध्ये दर गाडीला वेगळं शिम (फट भरायची पातळ पट्टी) लागतं, आणि ते कुठे लागतं हे ज्याने जोडली त्यालाच ठाऊक असतं.

२०२० च्या शेवटी आलेल्या कप गाडीची किंमत कर सोडून २,२५,००० युरो होती, ताकद ५१० पीएस. २०२५ मध्ये दाखवलेल्या नव्या ९११ कपची २,६९,००० युरो, ५२० पीएस. तेव्हाच्या दराने पावणेतीन कोटींच्या आसपास, जकात न धरता. रक्कम मोठी वाटेल. पण ही गाडी घेणारा माणूस किंमत बघत नाही, तासाचा हिशेब बघतो, जसा हार्वेस्टर घेणारा डिझेल, ब्लेड आणि हंगामातले दिवस मांडतो. इंजिन किती तासांनी उतरवायचं, गिअरबॉक्स किती तासांनी उघडायचा, टायरचे किती सेट, आणि तीन वर्षांनी विकली तर काय येईल. कपचं इंजिन साधारण १०० तास चालवता येतं. रेस इंजिनाच्या जगात ही फार मोठी सवलत आहे, कारण एक अख्खा हंगाम त्यात बसतो.

वरची पायरी ९११ जीटी३ आर, जीटी३ या अनेक कंपन्यांच्या गाड्या एकत्र पळणाऱ्या वर्गातली. २०२२ ला ती आली तेव्हा ५,११,००० युरो. इंजिन ४.२ लिटरचं, टर्बो नाही, ५६५ पीएसपर्यंत. या गाडीच्या आराखड्यात गिऱ्हाइकाचा विचार किती खोल केला आहे ते दोन आकड्यांत दिसतं: चाकांमधलं अंतर आधीच्या गाडीपेक्षा ४८ मिलिमीटर वाढवलं, आणि इंजिन ५.५ अंशांनी पुढे कलवलं, म्हणजे गाडीला जमिनीला दाबून धरणाऱ्या खालच्या डिफ्यूझरला जागा मिळाली. कशासाठी? ९११ चं इंजिन मागच्या ॲक्सलच्या मागे लटकतं. कसलेला ड्रायव्हर त्याचा फायदा उठवतो, पण हौशी माणूस लांब शर्यतीत मागचे टायर संपवून बसतो आणि मग घाबरतो. आणि जीटी३ चे पैसे हौशी माणूस देतो. एफआयए या मोटरस्पोर्टच्या जागतिक संस्थेच्या वर्गवारीत त्याला ब्रॉन्झ म्हणतात. २०२४ पासून ले मान्सलाही जीटी३ आली, तिथे प्रत्येक गाडीत एक ब्रॉन्झ ड्रायव्हर सक्तीचा आहे. म्हणजे गाडी फॅक्टरी ड्रायव्हरच्या हातात किती पळते याला अर्धीच किंमत. पन्नाशीचा कारखानदार पहाटे चार वाजता पावसात तिला किती विश्वासाने चालवतो, त्यावर ती विकली जाते. मान्थाय या टीमने ९११ घेऊन त्या वर्गात ले मान्स २०२४ लाही जिंकलं आणि २०२५ लाही. मान्थायमध्ये पोर्शेची मोठी भागीदारी आहे हे खरं, पण गाडी तीच आहे जी कुणालाही विकत मिळते.

आता ट्रक. माझ्या लेखी कंपनीचं रेसिंगमधलं भवितव्य त्या ट्रकमध्ये असतं.

सेपांगला एका शुक्रवारी आमच्या गाडीच्या मालकाने सरावात पहिल्या वळणाच्या आत गाडी घातली. पुढचं डावं चाक, अपराइट, दोन्ही आर्म, स्टिअरिंगचा रॉड, रेडिएटर, सगळं गेलं. मलेशियातली संध्याकाळ, अंगातून पाणी वाहतंय, मालक पिट भिंतीवर मान खाली घालून बसलेला. पॅडॉकच्या (ट्रॅकवरच्या टीमच्या आवाराच्या) टोकाला कंपनीचा सुट्या भागांचा ट्रक. मी भागांचे क्रमांक लिहिलेला कागद खिडकीत दिला. तासाभरात दोन भाग सोडून सगळं माझ्या गॅरेजमध्ये होतं. ते दोन शेजारच्या टीमने उसने दिले, कारण त्यांची गाडी तीच होती. आम्ही पहाटे तीनला अलाइनमेंट केलं. सकाळी क्वालिफायिंगला गाडी बाहेर पडली. त्या मालकाने पुढच्या वर्षी त्याच कंपनीची दुसरी गाडी घेतली. जाहिरात, पोस्टर, ले मान्सचे विजय, यांतलं त्याला काहीही आठवलं नसणार. त्याला ती खिडकी आठवली.

याच्या उलटही बघितलं आहे. दुसऱ्या एका कंपनीची गाडी आमच्याकडे होती, वेगाला अप्रतिम, दिसायला तर काय सांगू. तिचा गिअर बदलणारा ॲक्चुएटर गेला. आशियात साठा नव्हता. युरोपातून भाग यायला आठवड्यांमागून आठवडे गेले, दोन फेऱ्या हातच्या गेल्या. मालकाने विमानाची तिकिटं, हॉटेलं, माणसांचा पगार सगळं भरलं होतं. हंगाम संपल्यावर त्याने गाडी मिळेल त्या किमतीला काढली आणि रेसिंगच सोडलं. तो माणूस चांगला होता, शिकत होता. त्याचं जाणं मला अजून सलतं.

म्हणून पोर्शेबद्दल तू मला "तग धरेल का" असं विचारतोस तेव्हा मी ट्रॉफी मोजत नाही, मी विचारतो की ट्रक येतोय का. आज तरी येतोय. २०२६ साठी जीटी३ आरची सुधारलेली इव्हो आली. ब्रेक लावताना नाक कमी बसावं, दुसऱ्याच्या मागे चालताना पुढची पकड टिकावी, अशी कामं तिच्यात केली आहेत. या तक्रारी आमच्यासारख्या गिऱ्हाइकांच्याच होत्या. नवी कपही आली. माघार घेणारी कंपनी गिऱ्हाइकांच्या गाड्यांवर हा खर्च करत नाही.

माघार कशी दिसते ते आउडीने दाखवलं. ज्या शेंद्र्यात त्यांच्या रस्त्यावरच्या गाड्या जोडल्या गेल्या, तिथल्या पोरांना त्या चार कड्यांचा केवढा अभिमान होता! आर८ एलएमएस ही जीटी३ मधली फार यशस्वी गाडी. पण रस्त्यावरची आर८ बंद झाली, लक्ष फॉर्म्युला वनकडे वळलं, आणि २०२४ मध्ये रेस गाडीचं उत्पादनही थांबलं. डब्ल्यूआरटीसारखी मोठी टीम त्याआधीच बीएमडब्ल्यूकडे गेली होती. गाड्या आजही पळतात, भाग मिळतात, पण नवीन गिऱ्हाईक त्या दारात जात नाही. फॅक्टरी टीम गेल्याने जे होत नाही ते कस्टमर विभाग मिटल्याने होतं.

तिकडे लॅम्बोर्गिनीने एससी६३ ही हायपरकार बाजूला ठेवली आणि टेमेरारिओ जीटी३ वर जोर दिला. त्यांनीही मांडव आवरला आणि नांगर ठेवला. फेरारीचं गणित वेगळं आहे, ते दोन्ही करू शकतात. त्यांच्याबद्दल इथे जास्त लिहीत नाही.

पोर्शेबद्दल मला काळजी नाही असं मात्र समजू नकोस. मी तीन गोष्टींकडे डोळे लावून आहे आणि तिन्हींचा फॅक्टरी टीमशी फारसा संबंध नाही. सगळ्यांत मोठी ही की रेस गाडी रस्त्यावरच्या गाडीच्या खांद्यावर उभी असते. ७१८ केमनचं पेट्रोल इंजिनाचं उत्पादन २०२५ मध्ये संपलं. जीटी४ क्लबस्पोर्ट ही त्याच केमनवर बनलेली, नवख्या माणसाची पहिली पायरी. माणूस आधी जीटी४ घेतो, मग कप, मग जीटी३ आर. खालची पायरी सैल झाली तर वरच्या दोन पायऱ्यांवर चढणारे कमी होतील, आणि ते आज नाही, चार-पाच वर्षांनी जाणवेल. इलेक्ट्रिक कस्टमर गाडीचा प्रयोगही पोर्शेने करून बघितला, ७१८ वर बेतलेली, हजार पीएसची. ताकदीचा प्रश्न नव्हता. पॅडॉकमध्ये तीस गाड्या एकाच वेळी चार्ज करायच्या तर वीज कुठून आणायची? कोइमतूरलाच नाही, युरोपातल्या ट्रॅकनाही तो प्रश्न सुटलेला नाही. आणि कप ज्या ९११ जीटी३ वर बनते तिचं बिनटर्बोचं चार लिटरचं इंजिन उत्सर्जनाच्या नियमांत किती दिवस बसेल, यावर कपची किंमत आणि १०० तासांचा हिशेब दोन्ही अवलंबून आहेत.

किमतीचं म्हणशील तर, २००६ च्या सुमाराला जीटी३ वर्ग सुरू झाला तोच खासगी माणसाला परवडावा म्हणून. आता गाडी पाच लाख युरोंच्या वर, वर ले मान्सच्या वर्गात ड्राइव्हशाफ्टवर टॉर्क सेन्सर सक्तीचे. बॅलन्स ऑफ परफॉर्मन्स म्हणजे वजन आणि ताकद बदलून सगळ्या गाड्या सारख्या करायचा नियम. तो अचूक व्हावा म्हणून ते सेन्सर. हेतू चांगला, बिल मालकाचं. आणि माणसं. फॅक्टरी टीम मिटली की वाइसाखच्या रेसिंग विभागातले चांगले इंजिनिअर दुसरीकडे जातात. जे फॅक्टरी ड्रायव्हर सोमवारी आमच्या ब्रॉन्झ मालकाला बाजूला बसवून ब्रेक कसा सोडायचा ते शिकवायचे, ते कमी होतात. हे ज्ञान विकत मिळत नाही. १ जानेवारी २०२६ पासून कंपनीची सूत्रं मिखाएल लायटर्स यांच्याकडे आहेत. त्यांनी फेरारी आणि मॅक्लारेन दोन्ही आतून बघितल्या आहेत, म्हणजे रेसिंग विभागाचं मोल त्यांना वेगळं समजावून सांगावं लागणार नाही. पुढच्या दोन-तीन वर्षांत ९११ कपच्या ऑर्डर आणि पॅडॉकमधले ट्रक कमी झाले नाहीत, तर फॅक्टरी टीम पुन्हा कधीतरी येईल. ते कमी झाले तर ती येऊनही उपयोग नाही.

आपल्याकडे हे का नाही, असं तू विचारलेलं नाहीस, पण तुझ्या नोकरीशी त्याचा संबंध आहे. २०१० साली औरंगाबादेत लोकांनी एकत्र येऊन एकाच दिवशी १५० मर्सिडीज घेतल्या, सुमारे ६५ कोटींच्या. तेव्हा देशभर लोक थक्क झाले. मला त्यात वेगळंच दिसलं: गिऱ्हाइकं एका जागी जमली की कंपनी स्वतःहून दारात येते. वन-मेक मालिकेला तेच लागतं, एकाच गाडीचे वीस मालक. आपल्याकडे पैसे असलेली वीस माणसं आहेत. पण पूर्ण बांधून आलेल्या महागड्या गाडीवर वर्षानुवर्षं १०० टक्क्यांहून जास्त जकात राहिली, त्यामुळे पावणेतीन कोटींची कप दुप्पट होते, आणि ती पळवायला चेन्नई, कोइमतूर आणि बुद्ध असे मोजके ट्रॅक. फोक्सवागनने २०१० ला पोलो कप सुरू केला तो इथेच बनलेल्या गाडीवर, म्हणून तो उभा राहिला. त्या पद्धतीच्या मालिकांमधूनच माझ्यासारखी माणसं घडली. गाडी छोटी होती, पण शिस्त तीच: एकच गाडी, सील केलेलं इंजिन, मोजून टायर, आणि ट्रकची खिडकी.

आता बाग.

बाबांना सांग, या वर्षी कर्ज काढू नका. परदेशातले अभ्यासक्रम वाईट नाहीत, तिथून निघालेल्या इंजिनिअरांबरोबर मी काम केलं आहे. पण तिथे बसलेल्या वर्गात एखाद्या पोराने दोन हंगाम पॅडॉकमध्ये काढलेले असतात आणि दुसऱ्याने फक्त सॉफ्टवेअर बघितलेलं असतं. नोकरी पहिल्याला लागते. तू पहिला हो. शेवटच्या वर्षाच्या सुट्टीत आणि त्यानंतर एक पूर्ण हंगाम चेन्नई-कोइमतूरच्या एखाद्या टीममध्ये काढ. पगार थोडा असेल, झोप त्याहून थोडी.

तिथे ड्रायव्हरच्या मागे फिरू नकोस, इंजिनच्या मागेही नको. इंजिन सील असतं. लाइफिंगचा तक्ता धर. प्रत्येक भाग किती तास चालला, कुठल्या गाडीवर होता, कधी तपासला, कधी बदलायचा याची ती नोंद. ड्राइव्हशाफ्ट, व्हील बेअरिंग, क्लच, ब्रेक डिस्क, सगळ्यांचं आयुष्य त्यात असतं. नव्या पोरांना हे काम कंटाळवाणं वाटतं आणि ते दुसऱ्यावर ढकलतात. पण कस्टमर टीमचे पैसे त्या तक्त्यात आहेत. भाग लवकर बदलला तर मालकाचे पैसे वाया, उशिरा बदलला तर गाडी शर्यतीत थांबते. ज्याचा तक्ता चोख, त्याला दुसऱ्या हंगामात कुणी सोडत नाही. मी स्वतः अशाच तक्त्यावरून सेपांगला पोहोचलो. दुसरं तुझं वायरिंग. आजच्या जीटी३ मध्ये शर्यत बुडते ती बहुतेक वेळा एखाद्या कनेक्टरच्या पिनमुळे, आणि पहाटे ती शोधणारी माणसं आशियाभर कमी आहेत. इथे तुझा पाय आधीच आत आहे.

हंगाम झाल्यावरही मन तेच म्हणालं तर एम.एस.चा विचार कर, आणि तेव्हा बागेऐवजी शिष्यवृत्ती किंवा टीमची शिफारस हातात असण्याची शक्यता जास्त.

सध्या एवढं कर. तुमच्या सुप्राच्या गाडीचा पूर्ण हार्नेस, म्हणजे तारांचा जोडलेला संच, उतरव, प्रत्येक तार मोजून पिन-टू-पिन तक्ता बनव, आणि हार्नेस नव्याने बांध. क्रिम्प (तार आणि पिन दाबून जोडणं) स्वतः कर, सोल्डर कुठेही नको. बांधण्याआधीचे आणि नंतरचे फोटो, तो तक्ता, आणि गाडीचे आजवरचे तास लिहिलेले असतील तर तेही मला पाठव. ते बघून मी कोइमतूरच्या दोन टीम मॅनेजरशी बोलतो. पुढच्या हंगामाची माणसं ते पावसाळ्याआधी ठरवतात, त्यामुळे महिन्याभरात पाठव.